ढाक्यासाठी सगळी तालीम उपाशी

"ताई, घशात हाड अडकलंय. हात घाला आन् काढा."

एवढं बोलून त्या माणसाने कुत्रं उचललं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. उचललं म्हणजे कसं, आपण पाण्याची बाटली उचलून इकडची तिकडे ठेवतो ना, तसं. आणि कुत्रं काही पिल्लू नव्हतं हं! चांगलं उंच, तांबूस, लांब तंगड्यांचं. पण माणूसच असला होता की तो दारात उभा राहिला तर ओपीडीत अंधार पडला. कान मोडून मोडून भज्यांसारखे झालेले, आणि मान नाहीच, कानाखाली थेट खांदे सुरू.

मी इंटर्न होते तेव्हा. जनावरांच्या कॉलेजचा दवाखाना, सकाळपासून म्हशी, शेळ्या, कोंबड्या, सगळी जत्रा. आणि खरं सांगू, कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा म्हटलं की माझा हात आपोआप ॲप्रनच्या खिशात जायचा. नको रे, मिसळ नको मला. तुम्ही खा, गार होईल. मी पाणी पिते. एक फोन यायचाय, तो आला की बघू. हां, तर कुठे होते?

"चावतो का हा?" मी विचारलं.

"ह्यो? आमच्या तालमीतला सगळ्यात गरीब पैलवान हाय ह्यो. ढाक्या नाव. ढाक म्हंजे आमचा कुस्तीतला डाव. मी सर्जेराव."

घातला मग हात. टॉर्च मारला, जीभ बाहेर ओढली, सगळं बघितलं. हाड नाही, काही नाही. आणि तेवढ्यात ढाक्याने मान लांब केली, कोपरं बाहेर काढली आणि असा खोकला, असा खोकला, की टेबलच हललं. शेवटी ओकारी आल्यासारखं केलं, थोडा पांढरा फेस आला आणि परत माझ्याकडे बघून शेपूट हलवली. म्हणजे 'सॉरी हं' असं.

"बगा! हाडच हाय."

"हाड नाहीये सर्जेराव. किती दिवस झाले याला?"

"लई दिस झाले. दिवाळीच्या आधीपासनं. हळद-दूध दिलं, मध दिला, अडुळसा दिला. एका डॉक्टरनं गोळ्यांचा कोर्स दिला, मग दुसऱ्यानं दिला. काय बी फरक न्हाई." मग त्याचा एवढा मोठा चेहरा एवढासा झाला. "ताई, ह्यो आमचा पंच हाय. कुणाची पाठ मातीला लागली की ह्यो भुंकायचा. वस्ताद बोलायच्या आधी! एकदा बी चुकला न्हाई. आता भुंकाय जातोय तर नुसता ठसका. कालच्याला पाठ लागली कुणाची, आन् ह्यो बापडा खोकतच बसला."

मी त्याला इनामदार मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणजे आमच्या मेडिसिनच्या. बुटक्या, चष्मा कपाळावर, आणि बोलणं असं की म्हैससुद्धा सरळ उभी राहायची. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, डोळे मिटले, आणि मला म्हणाल्या, "तू ऐक. काय ऐकू येतंय?"

"कुरकुर येतेय मॅडम. नव्या चपलेसारखी."

"लिहून ठेव. आणि एक्स-रे काढून आण."

एक्स-रे आला. फुप्फुसं कशी काळी दिसली पाहिजेत ना, हवा भरलेली? इथे सगळीकडे पांढरं पांढरं, पहाटेच्या धुक्यात मोटारी येताना दिसतात तसे ठिपके. मॅडमनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, उलटी करून परत धरली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "क्षय हाय का सांगा फक्त."

सर्जेरावच्या तालमीचे ज्ञानू वस्ताद. पांढरं धोतर, पांढरे केस, पांढऱ्या मिशा, आणि अंग अजून सागवानासारखं. सर्जेराव लगेच दोन पावलं मागे सरकला, हात पाठीमागे बांधून.

"मॅडम," वस्ताद म्हणाले, "माझ्याकडं पोरं हायत. आईबापानं विश्वासानं धाडल्यात. एकाच कोंडलेल्या खोलीत श्वास घेत्यात सगळी. हे कुत्रं त्याच मातीत निजायचं. पोरांचे बाप इचारायला लागल्यात, वस्ताद, कुत्र्याला क्षय हाय का. मी काय सांगू?"

"अजून माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "जंतू असतील, जंत असतील, गाठी असतील. किंवा नुसती सूज. एक्स-रेत सगळे चोर सारखेच दिसतात."

"मग ऐका. यात्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानाआधी मला एक नाव पायजे. नाव न्हाई मिळालं, तर कुत्रं तालमीत न्हाई. सध्या भाईर लिंबाखाली बांधतोय, तिथनं थेट माझ्या मेव्हण्याच्या मळ्यावर. आन् गाठी असतील..." त्यांनी ढाक्याकडे बघितलं. "तर त्याला लई तरास होईस्तोवर ठेवायचं न्हाई."

सर्जेरावच्या घशातून एक बारीक आवाज आला. एवढ्या मोठ्या माणसातून एवढा बारीक आवाज मी आजवर ऐकला नाही.

मग आमची पळापळ सुरू. रक्त घेतलं, शी घेतली, डास चावून होणारे हृदयातले जंत असतात त्याचीही टेस्ट केली. जंत नाहीत, तरी जंतांचं औषध देऊन बघितलं. खोकला तसाच! रक्तात मात्र इओसिनोफिल पेशी वाढलेल्या. मी नाचतच मॅडमकडे गेले. "मॅडम, सापडलं! ॲलर्जीसारखी सूज आहे, इओसिनोफिलवाली!"

"रक्त बाहेरचं सांगतं, रेवा. छातीत काय चाललंय ते छातीला विचार." मॅडमनी चष्मा खाली ओढला. "दुर्बीण घालू. फुप्फुसात थोडं पाणी सोडू, परत ओढून घेऊ, आणि त्यात कोणत्या पेशी येतात ते बघू."

अडचण एकच. कुत्र्यांची बारीक दुर्बीण आमच्याकडे नव्हती. मॅडमचे एक वर्गमित्र ती पुण्याहून घेऊन यायचे, ठरलेल्या वारी. मी सर्जेरावला बाजूला घेतलं आणि अगदी हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "भूल द्यायची आहे. पोट रिकामं पाहिजे. रात्रीपासून काहीही द्यायचं नाही. भुलीत उलटी झाली तर ती छातीत जाते, आणि मग संपलंच. कळलं?"

"कळलं की. एक कण न्हाई."

ठरलेला दिवस आला. पुण्याचे सर आले, दुर्बीण आली, मी टेबल पुसून पुसून चकचकीत केलं. छोट्या टेम्पोतून ढाक्या उतरला. उतरला म्हणजे, घरंगळला. पोट असं टम्म, नगाऱ्यासारखं! आणि त्याने माझ्या तोंडासमोर एक ढेकर दिला. बदामाचा. मी शपथेवर सांगते, बदामाचा वास आला.

"सर्जेराव! काय दिलंत?"

"म्या? काय न्हाई ओ!" आणि मग डोळे जमिनीवर. "थंडाई. वाटीभर फक्त. पातळच असती."

"थंडाई?"

"ताई, एवढी परीक्षा हाय त्याची, आन् तसाच धाडू?"

मागे उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "आयला सर्ज्या, तू बी दिलंस? म्या केळं दिलं." दुसरा म्हणाला, "म्या दोन अंडी." तिसरा, पैलवान कसला, दरवाजाच होता तो, रडवेल्या आवाजात म्हणाला, "म्या साबुदाण्याची खिचडी दिली ताई. उपासाला चालती म्हणून."

अरे हसू नका! म्हणजे हसा आता, पण तेव्हा मला रडू येत होतं. प्रत्येकाला वाटलेलं, मीच एकटा देतोय, गुपचूप. तालमीत कसं असतं माहितीये? तिथे माणसाने माणसाला विचारायचा पहिला प्रश्न 'कसा आहेस' नसतो, 'खुराक झाला का' असतो. उपाशी जीव समोर बसलाय आणि आपण बदाम वाटतोय, हे त्यांच्याच्याने बघवलंच नाही!

मॅडम बाहेर आल्या. पोटाकडे बघितलं, सगळ्यांकडे बघितलं. "आज भूल नाही. पुण्याचे सर पुढच्या आठवड्यात येतील, यात्रेच्या तोंडावर. तेव्हाही असंच झालं तर मला तोंड दाखवू नका."

वस्ताद तिथेच उभे होते. त्यांनी एकेका पोराकडे असं बघितलं की ती पोरं एकमेकांच्या मागे लपायला लागली, आणि ते जमत नव्हतं कारण प्रत्येकजण दरवाजाएवढा.

"लाज न्हाई वाटत? एक दिस तोंड बंद ठेवायला सांगितलं त्या मुक्या जनावराचं..."

आणि काय झालं असेल? ढाक्या खोकत खोकत उठला, वस्तादांकडे गेला आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट चाटायला लागला. चाट चाट चाट. एकच बोट. मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"वस्ताद?"

वस्तादांची मिशी हलली.

"लोणी," ते म्हणाले. "बोटभर. सकाळी लई केविलवाणं बघत हुतं."

मला हसू दाबताना घाम फुटला. मग वस्तादांनी घसा खाकरला आणि तिथेच, ओपीडीच्या पायरीवर, हुकूम सोडला.

"ऐका रे. आता एकच विलाज. ज्याच्या हातात खुराक, त्याचा हात जाणारच. तवा त्या दिवशी कुणाच्याच हातात खुराक नको. आदल्या रातीपासनं तालमीत चूल न्हाई, दूध न्हाई, बदाम न्हाई. ढाक्या उपाशी, तर आपण समदी उपाशी. माझ्यासकट."

"वस्ताद, यात्रा तोंडावर हाय..." कुणीतरी पुटपुटलं.

"मग? एका दिसानं काय वाळून खारीक हुतोस?"

मला वाटलं बोलतात नुसतं. पण पुढच्या आठवड्यात सकाळी टेम्पो आला आणि त्यातून आख्खी तालीम उतरली! आमच्या दवाखान्यासमोर चिंच आहे, तिच्याखाली ओळीने बसले सगळे. पाय पसरून, हात मांडीवर, चेहरे असे की बघवत नव्हतं. शेजारच्या गाड्यावर नेमके वडे तळत होते. वास यायला लागला की सगळ्या माना एकदम तिकडे वळायच्या आणि वस्ताद खाकरले की एकदम परत यायच्या. गाडेवाला बिचारा हैराण. एवढी गिऱ्हाइकं समोर, आणि एकही उठेना!

ढाक्याचं पोट मात्र आत. मी हात लावून बघितलं, सपाट. मी सर्जेरावला अंगठा दाखवला.

"ताई," तो म्हणाला, "तुमी खाल्लं का?"

माझ्या हातात डबा होता रे. पोहे. एक घास घेतलेला, दुसरा चमच्यात. मी त्या ओळीकडे बघितलं आणि डबा बंद केला. "नाही," म्हटलं, "मी पण नंतर."

तो जो हसला ना!

आत गेलो. भूल दिली. पुण्याच्या सरांनी दुर्बीण घातली, पडद्यावर ढाक्याची श्वासनळी दिसायला लागली. लाल, सुजलेली, आणि पिवळट हिरवा चिकट शेंबूड. मी मनात म्हटलं, संपलं. पू असणार, जंतू असणार! मॅडम म्हणाल्या, "रंगावर जाऊ नकोस." कोमट सलाईन सोडलं, ओढून घेतलं, ट्यूबमध्ये धुरकट पाणी आलं. थोडं जंतू वाढवून बघायला पाठवलं, क्षयाच्या तपासणीला वेगळं काढलं, आणि उरलेल्याची मी काचेवर स्लाइड केली. रंग दिला, धुतली, वाळवली, मायक्रोस्कोपखाली घातली.

आणि बघते तर काय! गुलाबी दाणे. पेशीच पेशी, आणि प्रत्येकीच्या पोटात गुलाबी-केशरी दाणे ठासून भरलेले. डाळिंब फोडल्यासारखं. इकडे सरकवलं तर तेच, तिकडे सरकवलं तर तेच.

"मोज," मॅडम म्हणाल्या.

"काय मोजू मॅडम? सगळ्या त्याच आहेत!"

मॅडमनी मला बाजूला सारलं, बराच वेळ बघितलं. जंतू दिसतायत का, विचित्र पेशी दिसतायत का, जंतांची पिल्लं आहेत का, सगळं धुंडाळलं. क्षयाच्या स्लाइडवर काही नव्हतं. मग त्या सरळ झाल्या आणि, आमच्या मॅडम हं, ज्यांनी कधी कुणाला 'ठीक' म्हटलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "तू रक्त बघून बोललीस तेच. फक्त तेव्हा तो अंदाज होता. जा, सांग त्यांना. पण जंतूंचा रिपोर्ट आल्यावरच गोळ्या सुरू, हेही सांग."

मी पळाले. चिंचेखाली सगळे एकदम उभे राहिले, जमीन हलली असेल.

"क्षय?" वस्ताद.

"नाही!"

"गाठ?"

"नाही!"

"मग हाय काय? नाव सांगा."

"फुप्फुसांची सूज. ॲलर्जीची असते तशी. जंतू दिसले नाहीत, जंत नाहीत, कुणाला लागणारी नाही. त्याच्या रक्तातले शिपाई छातीत जमलेत आणि शत्रू नसताना लढतायत."

वस्तादांनी विचार केला. "म्हंजे समोर जोड न्हाई, आन् ह्यो एकटाच डाव टाकतोय."

"बरोब्बर! आणि स्वतःच दमतोय, म्हणून खोकतोय."

"मग त्याला कुणी तरी पाठीवर हात ठेवून सांगाय पायजे, बस कर म्हणून."

"त्याच गोळ्या आहेत, जंतूंचा रिपोर्ट आला की सुरू. पण बरेच महिने, हळूहळू कमी करत. बरा दिसला म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. तहान लागेल, भूक वाढेल..."

"भूक वाढंल?" तो खिचडीवाला पैलवान एवढा खूश झाला!

"आणि धुळीत झोपायचं नाही. माती उकरताना तो बाहेर."

आणि मग ओरडाच. सर्जेराव मला उचलणार, तेवढ्यात त्याने स्वतःला आवरलं आणि गाडेवाल्याला उचललं. एकाने खिशातून पुडी काढली. यात्रेसाठी आणलेला गुलाल! मूठ भरली, हात वर केला...

"गुलाल नाही!" मी अशी किंचाळले की दवाखान्यातल्या शेळ्या ओरडायला लागल्या. "छातीत जाईल त्याच्या! धूळ नको म्हटलं ना आत्ताच!"

मूठ तशीच हवेत. वस्ताद पुढे झाले, त्यातून चिमूटभर गुलाल घेतला आणि माझ्या कपाळाला लावला. फक्त टिळा. "उधळायचा न्हाई, लावायचा," ते म्हणाले.

मला वाटलं आता वड्यांवर तुटून पडतील. पण एकही हलेना.

"आधी त्याला शुद्ध येऊ द्या," वस्ताद म्हणाले. "त्यानं पाणी पिलं की मग आपण."

म्हणून आम्ही सगळे बसलो. मी पण, कपाळाला गुलाल लावून, ओळीत. शेवटी आतून ढाक्या आला, दारू प्यायल्यासारखा डुलत. थोडं सावरल्यावर मॅडमनीच वाटी पुढे केली. त्याने वास घेतला, आमच्याकडे बघितलं, परत वास घेतला, आणि लप् लप् लप् प्यायला लागला. त्या दिवशी गाडेवाल्याचं पीठ संपलं, बटाटे संपले, पाव संपले, आणि इनामदार मॅडमनी उभ्याने वडा खाल्ला, हे कॉलेजात अजून कुणाला खरं वाटत नाही.

रिपोर्टात जंतू आले नाहीत, गोळ्या सुरू झाल्या, आणि यात्रेच्या मैदानाला मला खास बोलावणं आलं. ढाक्याला लांब, वारा येतो त्या बाजूला, बाकड्यावर बसवलेला. माझ्या शेजारी. सर्जेरावची कुस्ती शेवटच्या जोडीतली. काय झुंजला! पण समोरचा चपळ होता, त्याने सर्जेरावला खालून उचललं आणि फिरवून आपटला. धुरळा उडाला. पाठ लागली की नाही लागली? पंच वाकून बघतोय, लोक ओरडतायत, आमची पोरं म्हणतायत न्हाई लागली, ते म्हणतायत लागली, दोन्ही बाजू आत घुसायच्या बेतात.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. भों! स्वच्छ. खणखणीत. पुढे ठसका नाही, काही नाही. परत, भों!

सर्जेराव तिथेच, मातीत उताणा, आणि हसायला लागला. झोपल्या झोपल्या त्याने हात वर केला. "लागली! लागली पाठ! आयला, भुंकला की रं!" तो उठलाच नाही, नुसता हसत पडून राहिला, आणि जिंकलेला पैलवान गोंधळून त्याच्याकडे बघत उभा. आमची सगळी पोरं हरलेल्याला खांद्यावर घेऊन नाचली. वस्ताद माझ्याजवळ आले, डोळे पुसत म्हणाले, "कुत्रं बरं केलंसा डॉक्टरीणबाई. आता ह्या सर्ज्याचा पट काढायचा डाव तेवढा कच्चा हाय, त्यावर काय गोळी हाय का?"

थांबा, थांबा, फोन आला. हॅलो? हां, बोल. उठली का? ... डोळे उघडलेत? ... आणि पाणी?

किती? वाटीभर?

बरं, येतेच मी. त्यांना म्हणावं, आता जेवून घ्या सगळ्यांनी.

आज सकाळीच दुर्बीण घातली होती, लॅब्रेडॉर आहे, खोकतेय उन्हाळ्यापासून. घरातले चौघं बाहेर बसलेत. प्यायली पाणी! आण रे ती मिसळ इकडे. आणि पाव जास्त सांग.